सत्य दुहेरी असते काय? : पूर्वज्ञान आणि नवी विद्या यांच्या संबंधाचा एक इतिहास



ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे या शाळेच्या वर्गांत वेचली, त्या गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. शिक्षकाच्या स्मृतीस वाहिलेल्या व्याख्यानाचा विषय शिकविण्याच्या कामाशी निगडित असावा, असे मला वाटले. म्हणून आज मी एका जुन्या प्रश्नाचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. महाविद्यालयाच्या पायरीवर येणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने येत नाही. घरातून, शाळेतून, व्यवहारातून मिळालेले बरेच काही घेऊन तो येतो. त्याच्याजवळच्या या ज्ञानाचा नव्या विद्येच्या कामी उपयोग कसा करावा, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न अलीकडच्या मानसशास्त्रज्ञांनी प्रथम उपस्थित केला, असा एक समज आहे. वस्तुतः एकोणिसाव्या शतकात आपल्याच देशात, प्रौढ आणि व्युत्पन्न विद्यार्थ्यांना युरोपीय गणित, ज्योतिष व तर्कशास्त्र शिकविताना, या प्रश्नाची चर्चा मोठ्या तयारीने झाली. त्या चर्चेची चार ठिकाणे म्हणजे सीहोर, दिल्ली, बनारस आणि कलकत्ता. यांपैकी पहिले ठिकाण आपल्या माळव्यातलेच आहे. इंदूरहून भोपाळला जाताना आपल्यापैकी अनेकांनी ते गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. पण तेथे काय घडले याची आठवण मात्र फारशी कोणी ठेवलेली नाही.

सीहोरची पाठशाळा

१८३५ साली मेकॉलेचे टिपण आले आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात लॉर्ड बेंटिंकच्या सरकारने इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने कौल दिला. या देशातल्या विद्या टाकाऊ आहेत, तेव्हा विद्यार्थ्याने मागचे सारे विसरून नव्याने आरंभ करावा, ही त्या धोरणामागची भूमिका होती. परंतु त्याच्या एक वर्ष आधी, १८३४ मध्ये, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला होता. देशी शिक्षणाच्या कामी सिद्धांतग्रंथांचा उपयोग कसा करावा, हा त्याचा विषय. लेखक लॅन्सलॉट विल्किन्सन हे भोपाळ दरबाराकडे नेमलेले इंग्रज पोलिटिकल एजंट; त्यांचा मुक्काम सीहोरच्या छावणीत असे. तेथील पाठशाळेकडे ते जातीने लक्ष पुरवीत.

विल्किन्सन यांच्यापुढची अडचण अशी होती. पृथ्वी वाटोळी असून ती सूर्याभोवती फिरते, हे विद्यार्थ्यांना सांगावयाचे होते. पण विद्यार्थ्यांच्या मनात पुराणांतले भुवनवर्णन पक्के बसलेले होते. सपाट पृथ्वी, मध्ये मेरू, भोवती जंबुद्वीप, आणि त्यापलीकडे खारे पाणी, उसाचा रस, मद्य, तूप, दही, दूध व गोडे पाणी यांचे सात समुद्र. अशा विद्यार्थ्यास कोपर्निकसचे मत एकदम सांगितले, तर ते परक्यांचे मत म्हणून तो ऐकेल आणि तेवढ्याच सहजतेने बाजूला ठेवील.

यावर विल्किन्सन यांनी शोधलेला उपाय विद्यार्थ्यांच्या घरातलाच होता. पुराणांखेरीज या देशात ज्योतिषाची एक दुसरी, शास्त्रशुद्ध परंपरा होती. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात पृथ्वी गोल असल्याचे केवळ सांगितलेले नाही, तर युक्तिवादाने सिद्ध केले आहे. गोल पृथ्वी सपाट का दिसते? मनुष्य इतका लहान आणि परीघ इतका मोठा, की परिघाचा अल्पसा भाग सपाटच भासावा. पृथ्वीला आधार कोणाचा? आधार मानला तर त्या आधाराला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे मानीत जावे लागते. शेवटी कोठे तरी स्वतःच्या शक्तीने राहणारी वस्तू मानावयाचीच, तर ती पृथ्वीच का मानू नये? आणि चहूकडे सारखेच आकाश असता ती पडणार तरी कोणत्या दिशेला?

गोलाध्यायातील आणखी एक विचार माळव्यातल्या विद्यार्थ्याला विशेष जवळचा वाटावा. भास्कराचार्य सांगतात की, विषुववृत्तापासून अवंती, म्हणजे आपली उज्जयिनी, पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या हिश्शाइतकी उत्तरेस आहे. म्हणून हे अंतर मोजून त्याला सोळाने गुणले असता परीघ मिळतो. सोळावा हिस्सा म्हणजे साडेबावीस अंश. आजच्या मोजणीप्रमाणे उज्जैनचे अक्षांश तेवीस अंशांच्या किंचित पुढे आहेत. रात्री ध्रुवताऱ्याची उंची मोजून हा आकडा विद्यार्थ्याला स्वतः पडताळून पाहता येतो. पृथ्वीचा गोलपणा मग कोणाच्या सांगण्यावर अवलंबून राहत नाही.

तेव्हा विल्किन्सन यांची वाट तीन टप्प्यांची होती : पुराणांकडून सिद्धांतांकडे आणि सिद्धांतांकडून कोपर्निकसकडे. या मधल्या टप्प्यावर आपण थोडे थांबू, कारण साऱ्या प्रयोगाचे मर्म तेथे आहे.

मधला टप्पा

पहिली गोष्ट अशी की, हे पूर्वज्ञानही विद्यार्थ्यांजवळ सहज हाताशी नव्हते. त्या काळचे सामान्य जोशी पंचांगापुरते गणित जाणत. महाराष्ट्रात आणि माळव्यात ग्रहलाघवासारखे करणग्रंथ प्रचलित होते, आणि त्यांच्या आधारे ग्रह वर्तविण्याचे कौशल्य अनेकांजवळ होते. परंतु त्या आकड्यांच्या पाठीमागची उपपत्ती सिद्धांतग्रंथांतून मुळापासून शिकलेले थोडेच. म्हणजे परंपरेत ज्ञान होते, व्यक्तीजवळ त्याची जाणीव नव्हती. ते आधी जागे करावे लागले. पूर्वज्ञान आहे असे गृहीत धरणे आणि ते विद्यार्थ्याच्या मनात उपस्थित करणे, या दोहोंतील अंतर सीहोरच्या पाठशाळेने ओळखले होते.

दुसरी गोष्ट सिद्धांतांच्या मर्यादेची. सिद्धांतकारांची पृथ्वी गोल आहे, पण विश्वाच्या मध्यभागी स्थिर आहे. आर्यभटाने पृथ्वीचे दैनंदिन भ्रमण मानले होते. पुढच्या आचार्यांनी ते स्वीकारले नाही. मग भास्कराचार्यांवरून कोपर्निकसकडे जावयाचे कसे? त्याचा सांधा सिद्धांतांच्या गणितातच आहे. मंगळ, गुरू आणि शनी यांचे स्थान काढताना प्रत्येकाला शीघ्रसंस्कार द्यावा लागतो, आणि या तिघांचेही शीघ्रोच्च म्हणजे मध्यम सूर्यच होय. तीन निरनिराळे ग्रह, त्यांच्या गती निरनिराळ्या. मग प्रत्येकाच्या गणितात सूर्याची तीच वार्षिक गती का डोकावते? हा प्रश्न ज्याने हे गणित स्वतः केले आहे त्यालाच पडू शकतो. आणि पृथ्वी स्वतःच वर्षातून एकदा सूर्याभोवती फिरते, असे मानताच त्याचे उत्तर मिळते. ती गती ग्रहांची नव्हे, पाहणाराची आहे. येथे जुने ज्ञान खोटे ठरत नाही. त्याला न सुटलेला एक प्रश्न नवे ज्ञान सोडविते. ज्याला हा प्रश्न पडलेला नाही त्याच्यापुढे कोपर्निकसचे उत्तर ठेवणे म्हणजे भूक नसलेल्याला ताट वाढणे होय.

या प्रयोगाचे एक फळ मराठी वाङ्मयात जमा आहे. विल्किन्सन यांच्याजवळच्या पंडितांपैकी सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि पुराणे, सिद्धांत व कोपर्निकस यांची मते शेजारी शेजारी ठेवून त्यांची तुलना केली. सीहोरमधीलच ओंकार भट्ट यांनी याच धर्तीवर हिंदीत 'भूगोलसार' लिहिला. दुसरे फळ अधिक प्रसिद्ध आहे. पुण्यात १८२१ मध्ये जन्मलेले आणि नागपुरास शिकत असलेले बापूदेव शास्त्री यांची गणितातील गती पाहून विल्किन्सन यांनी त्यांना १८३८ च्या सुमारास सीहोरला आणले. पुढे ते बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले आणि १८८९ पर्यंत त्यांनी तेथे काम केले. विल्किन्सन १८४१ मध्येच वारले. परंतु त्यांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर बापूदेवांनी तपासून सिद्ध केले व ते १८६१ मध्ये कलकत्त्यास प्रकाशित झाले. भास्कराचार्यांवर अधिकार आणि युरोपीय गणितावरही अधिकार, असा हा विद्वान तयार झाला तो पाठशाळेतील त्या मधल्या टप्प्यावर.

विरोध आणि अविरोध

सीहोरचा प्रयोग सर्वत्र यशस्वी झाला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. सिद्धांत आणि पुराणे यांत विरोध आहे, हे उघड बोलले जाऊ लागताच पंडितांमध्ये वाद पेटला. यज्ञेश्वर नावाच्या महाराष्ट्रीय पंडितांनी १८३७ च्या सुमारास 'अविरोधप्रकाश' लिहून दोहोंत वस्तुतः विरोधच नाही, असे प्रतिपादन केले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ च्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या ग्रंथात या पंडितांची नोंद आहे. शैक्षणिक दृष्टीने ही घटना बोधप्रद आहे. दोन विधाने एकमेकांशी जुळत नाहीत असे दिसताच मनुष्य दोहोंपैकी एक टाकतोच असे नाही. बुद्धिमान मनुष्य दोन्ही टिकतील असा अर्थ लावतो. पूर्वज्ञान जितके समृद्ध, तितके असे अर्थ लावण्याचे सामर्थ्यही मोठे.

स्वतः सुबाजी बापूंचे उदाहरण तर याहून बोलके आहे. कोपर्निकसचे मत त्यांनी स्वीकारले. पण जन्माधिष्ठित वर्णश्रेष्ठत्वावर हल्ला करणारी 'वज्रसूची' विल्किन्सन यांनी छापावयास घेतली, तेव्हा सुबाजींनी तिच्या खंडनार्थ 'लघुटंक' लिहिला आणि १८३९ मध्ये दोन्ही एकत्रच छापले गेले. एका विषयात ज्याचे मन नव्याला मोकळे झाले, त्याच मनाचे दुसरे दार बंद राहू शकते. ज्योतिषात युक्तिवादाची सवय लागली म्हणून ती समाजविचारात आपोआप येईल, अशी आशा शिक्षकाने बाळगू नये. तेथे नव्याने पूल बांधावा लागतो.

बीजगणिताची वाट

बापूदेवांच्याच वयाचे, १८२१ मध्ये जन्मलेले मास्टर रामचंद्र हे दिल्ली कॉलेजात विज्ञान व गणित शिकवीत. त्या कॉलेजात नव्या विद्या उर्दूतून शिकविल्या जात, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. रामचंद्रांच्या मते बीजगणित ही या देशाच्या बुद्धीला मानवणारी विद्या होती. म्हणून ज्या महत्तम-लघुत्तम मूल्यांच्या प्रश्नांसाठी युरोपात कलनशास्त्र वापरीत, ते त्यांनी केवळ बीजगणिताने सोडवून दाखविले. त्यांचा हा इंग्रजी ग्रंथ १८५० मध्ये कलकत्त्यास छापला गेला. ऑगस्टस डी मॉर्गन या नामांकित इंग्रज गणितज्ञाने त्याची दखल घेतली आणि १८५९ मध्ये आपल्या प्रस्तावनेसह तो लंडनला पुन्हा प्रसिद्ध करविला.

पद्धत कशी होती, हे एका साध्या उदाहरणाने ध्यानात येईल. दहा या संख्येचे असे दोन भाग करावयाचे की त्यांचा गुणाकार मोठ्यात मोठा व्हावा. एक भाग क्ष, दुसरा दहा वजा क्ष. गुणाकार र मानू. आता हे वर्गसमीकरण झाले. पूर्ण वर्ग करण्याच्या आपल्या जुन्या रीतीने ते सोडविले की क्ष बरोबर पाच, अधिक किंवा उणे, पंचवीस वजा र याचे वर्गमूळ, असे उत्तर येते. ऋण संख्येचे वर्गमूळ व्यवहारात नाही. म्हणून र पंचविसापेक्षा मोठा होऊ शकत नाही. तो पंचवीस असताना दोन्ही भाग पाच-पाच होतात. कलनाचे नाव न घेता विद्यार्थी महत्तम मूल्याच्या कल्पनेपर्यंत येऊन पोहोचतो.

हे फार सुंदर आहे; पण येथेही मर्यादा आहे. समीकरण वर्गाच्या पुढे गेले की या रीतीत प्रत्येक वेळी नवी युक्ती शोधावी लागते, आणि कलनशास्त्राची शक्ती तर एकच रीत सर्वत्र चालण्यात आहे. रामचंद्रांच्या ग्रंथाची वाखाणणी झाली, तरी शिकविण्याची ती पद्धत रूढ झाली नाही. ओळखीच्या वाटेने विद्यार्थ्याला कल्पनेच्या दारापर्यंत आणावे, हे खरे. पण त्या वाटेलाच घर मानून तेथे वस्ती केली, तर पुढचा मुलूख अपरिचितच राहतो.

बनारस आणि कलकत्ता

आता आपण वादाच्या गाभ्याशी येतो. जेम्स बॅलंटाइन हे १८४५-४६ च्या सुमारास बनारसच्या संस्कृत महाविद्यालयाचे प्रमुख म्हणून आले आणि १८६१ पर्यंत तेथे होते. आपल्याला कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे, त्यापूर्वी १८३९ मध्ये त्यांनी मराठी भाषेचे एक व्याकरण इंग्रजीत लिहिले होते. बनारसला त्यांच्यापुढे बसणारे विद्यार्थी काही कोवळी मुले नव्हती. न्याय, व्याकरण, वेदान्त यांत वर्षानुवर्षे मुरलेले ते पंडित होते. त्यांना युरोपीय विज्ञान शिकवावयाचे, तर न्यायदर्शनाच्या चौकटीतून शिकवावे, असे बॅलंटाइन यांनी ठरविले. १८५२ मध्ये त्यांनी विज्ञानाचा सारसंग्रह संस्कृत व इंग्रजीत, न्यायातील सत्यांशी मेळ घालून, प्रसिद्ध केला. त्याच सुमारास विठ्ठलशास्त्री यांच्या साहाय्याने बेकनच्या 'नोव्हम ऑर्गॅनम' या ग्रंथाचे विवरण संस्कृतात झाले.

न्यायात आधार म्हणून घेण्यासारखे पुष्कळ आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन या पाच अवयवांनी अनुमान मांडणाऱ्याला पुराव्याची शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे म्हणताना स्वयंपाकघराचा दाखला तो आपणहून देतो. पण त्याच न्यायात शब्द हा आकाशाचा गुण आहे आणि जल हे मूलद्रव्य आहे. नवे पदार्थविज्ञान सांगते की ध्वनी हवेतून जातो, आणि रसायन सांगते की पाणी दोन वायूंच्या संयोगाने होते. म्हणजे एकाच पूर्वज्ञानाचा एक भाग सोपानासारखा उपयोगी पडतो, तर दुसरा भिंतीसारखा आड येतो. कोणता भाग कोणता, हे शिक्षकाला आधी ठाऊक असावे लागते.

१८५३ मध्ये बॅलंटाइन कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयाची पाहणी करावयास गेले. तेथे ईश्वरचंद्र विद्यासागर प्रमुख होते. बॅलंटाइन यांनी एक भीती व्यक्त केली. विद्यार्थी संस्कृत शास्त्रे एका वर्गात शिकतात, इंग्रजी विद्या दुसऱ्या वर्गात. दोहोंचा मेळ कोणी घालून दिला नाही, तर सत्य दुहेरी असते, असा त्यांचा समज होईल. उपाय म्हणून त्यांनी दोहोंतील साम्यस्थळे दाखविणारी आपली पुस्तके सुचविली, तसेच मिलच्या तर्कशास्त्राचा स्वतः केलेला संक्षेपही.

विद्यासागरांनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शिक्षणमंडळाला पाठविलेले उत्तर आपल्या शिक्षणेतिहासातील एक महत्त्वाचा लेख होय. मिल मुळातून शिकवावा, संक्षेप नको, असे त्यांनी कळविले. बर्कलीचा ग्रंथ मात्र नको, कारण त्याचे निष्कर्ष वेदान्ताशी मिळतेजुळते. तो वाचून जुने मत ढळण्याऐवजी दृढच होईल. सांख्य व वेदान्त शिकविणे भाग आहे, पण ती दर्शने त्यांना खरी वाटत नव्हती. आणि त्यांचा मुख्य आक्षेप असा होता : एखाद्या नव्या शास्त्रीय सत्याचे बीज आपल्या शास्त्रांत आढळले की, पंडितवर्ग त्या सत्याचा आदर करण्याऐवजी आपल्या शास्त्रांविषयीच्या अभिमानानेच फुलून जातो. साम्य दाखविल्याने नवे ज्ञान आत येत नाही. जुन्याला फक्त प्रमाणपत्र मिळते. ज्याला दोन्ही विद्या खरोखर समजल्या त्याला सत्य दुहेरी वाटणार नाही. ज्याला वाटते त्याला त्या समजलेल्याच नाहीत, असे त्यांचे मत होते.

हे वाचून विद्यासागर पूर्वज्ञानाच्या विरुद्ध होते, असे कोणास वाटेल. तसे मुळीच नाही. पूर्वी त्यांच्या महाविद्यालयात संस्कृत व्याकरण संस्कृतातूनच, मुग्धबोध पाठ करवून शिकवीत आणि त्यात विद्यार्थ्यांची कित्येक वर्षे जात. विद्यासागरांनी १८५१ मध्ये 'उपक्रमणिका' लिहून संस्कृत व्याकरणाचे पहिले पाठ विद्यार्थ्याच्या बंगालीतून दिले. विद्यार्थ्याला येणारी भाषा त्यांनी पायरी म्हणून घेतली. विद्यार्थ्याला प्रिय असलेली मते मात्र त्यांनी गोंजारली नाहीत. साधन म्हणून पूर्वज्ञान घ्यावयाचे आणि मत म्हणून ते तपासावयाचे, हा त्यांच्या वागण्यातला विवेक मला बॅलंटाइन यांच्या सद्भावनेपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

पाठटाचणातले पूर्वज्ञान

याच काळात जर्मनीत हर्बार्टच्या विचारांतून शिक्षणाचे एक शास्त्र आकारास येत होते. नवी कल्पना मनातल्या जुन्या कल्पनासमूहात सामावली जाते तेव्हाच ती आपली होते, असे त्याचे सूत्र. १८४१ मध्ये तो वारल्यावर त्सिलर, राइन आदी अनुयायांनी त्यावरून पाठाच्या पायऱ्या बसविल्या. आपल्याकडील अध्यापक महाविद्यालयांतून हीच 'हर्बार्टची पंचपदी' म्हणून प्रसिद्ध झाली. येथे बसलेल्या शिक्षकांपैकी ज्यांनी पाठटाचणे लिहिली असतील, त्यांना 'पूर्वज्ञान' हा रकाना आठवत असेल. त्याचे पुढे काय होते, तेही आठवत असेल. विद्यार्थ्यांना अमुक माहीत आहे, असे एक वाक्य तेथे लिहावयाचे, प्रस्तावनेत तीन-चार प्रश्न असे विचारावयाचे की शेवटच्या उत्तरातून पाठाचे नाव बाहेर पडावे, मग हेतुकथन. विद्यार्थ्यांच्या मनात खरोखर काय आहे, हे त्या प्रश्नांतून बहुधा कळत नाही. विचार थोर होता. रकान्यात बसविताना तो आटला. महाविद्यालयात तर हा रकानाही नसतो. विद्यार्थी मागचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झाला म्हणजे तो त्याला येतो, असे धरून प्राध्यापक पुढे जातात.

अलीकडच्या संशोधनाने या जुन्या अनुभवाला आधार दिला आहे. १९६८ मध्ये डेव्हिड ऑसुबेल यांनी आपल्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या ग्रंथात ठामपणे मांडले की, शिकण्यावर परिणाम करणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शिकणाराला आधी काय ठाऊक आहे ही होय. १९७२ मध्ये ब्रॅन्सफर्ड व जॉन्सन यांनी काही जणांना एक उतारा ऐकविला. त्यात कपडे धुण्याचे वर्णन होते, पण तसा स्पष्ट उल्लेख नव्हता. विषय आधी सांगितलेल्यांना उतारा नीट समजला व पुष्कळ आठवला. विषय न सांगितलेल्यांना, तसेच तो ऐकून झाल्यावर सांगितलेल्यांना, फारसे काही हाती लागले नाही. कपडे कसे धुतात हे सर्वांनाच ठाऊक होते. पण ज्ञान असणे निराळे, आणि ते वेळेवर जागे होणे निराळे.

विद्यासागरांच्या आक्षेपालाही दुजोरा मिळाला. १९८५ मध्ये हलून व हेस्टेनीस यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या गतिविषयक समजुती तपासल्या. न्यूटनचे नियम शिकून, गणिते सोडवून झाल्यावरही अनेकांच्या मूळ समजुती जवळजवळ तशाच राहिल्याचे त्यांना आढळले. वर फेकलेल्या चेंडूत हाताचा जोर काही काळ शिल्लक राहतो, असे बहुतेकांना वाटतेच. उत्तरपत्रिकेत न्यूटन, मनात हाताचा जोर. बॅलंटाइन यांना ज्याची भीती वाटत होती, ते दुहेरी सत्य परीक्षेत चांगले गुण घेऊन पुढच्या वर्गात जाते.

आपल्यापुढचे काम

मित्रहो, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांतून निघालेल्या विद्यार्थ्याला या दुहेरीपणाचा आणखी एक पदर आहे, आणि तो भाषेचा. शाळेत तो बल, कार्य, अपूर्णांक, सममूल्य हे शब्द शिकतो; महाविद्यालयात त्याच कल्पना इंग्रजी नावांनी किंवा हिंदी वळणाने पुढे येतात. आपल्याला हे येते, हे त्यालाच ओळखू येत नाही. जुन्या वहीतले आणि नव्या वहीतले ज्ञान एकच आहे, हे सांगणारा कोणी भेटला नाही, तर हुशार मुलगी वा मुलगा पहिल्या वर्षी स्वतःला मठ्ठ समजू लागतो. कित्येकांचे शिक्षण येथेच अडखळते. उलट बाजूही ध्यानात ठेवावी : व्यवहारातले काम आणि पदार्थविज्ञानातले कार्य एक नव्हे. डोक्यावर बोजा घेऊन फलाटावर उभा असलेला हमाल घामाघूम होतो, तरी शास्त्राच्या व्याख्येने त्या बोज्यावर कार्य होत नाही. येथे शब्दाची ओळख मदत करण्याऐवजी चकविते.

इतिहासातून मला तीन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पहिली, आधी विचारावे. नवा भाग सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्याला जे ठाऊक आहे, ते त्याच्या सोयीच्या भाषेत, चुकीच्या भीतीवाचून, लिहू वा बोलू द्यावे. ते वाचल्याविना पुढचा पाठ ठरवू नये. दुसरी, मधली पायरी शोधावी. विल्किन्सन यांना ती गोलाध्यायात सापडली, रामचंद्रांना बीजगणितात, विद्यासागरांना बंगालीत. प्रत्येक विषयाला, प्रत्येक गावाला ती निराळी असते. कोणतेही छापील पुस्तक ती शिक्षकाला तयार देऊ शकत नाही. तिसरी आणि सर्वांत अवघड, त्या पायरीची मर्यादा विद्यार्थ्यापुढे स्पष्ट मांडावी. येथवर तुझे जुने ज्ञान तुला घेऊन आले, आता येथे ते अपुरे पडते, कसे ते पाहा, असे म्हणण्याचे धैर्य शिक्षकात हवे. हे धैर्य नसले, तर आमच्याकडे हे आधीच होते, या सुखद वाक्यावर पाठ संपतो आणि विद्यार्थी होता तेथेच राहतो.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून मी थांबतो. आपल्यापैकी अनेकांनी या शाळेतील मराठी शिक्षणावर पुढे वैद्यकी, अभियांत्रिकी, वकिली वा व्यापार उभारला. मराठीतून इंग्रजीकडे आपण कोणत्या पायरीने गेलात, कोठे पाय घसरला, कोणत्या शब्दाने घोटाळा केला, हे आपल्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. वर्षातून एकदा तरी महाविद्यालयात जाऊ घातलेल्या मुलांसमोर बसून ते सांगावे. देणगीचे मोल आहेच. परंतु ज्या मधल्या टप्प्याविषयी मी एवढा वेळ बोललो, तो ही मुले एकट्याने शोधू शकत नाहीत, आणि तो दाखविणारी माणसे या सभागृहातच बसलेली आहेत.